प्लॉटवरच्या साध्या घराला शोभा येते ती सावलीने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घराच्या दर्शनी भागाविषयीचा मजकूर आणि त्यासोबतची रंगीत छायाचित्रे मी लक्षपूर्वक पाहिली. काळपट राखाडी भिंती, त्यांवर चकचकीत टाइल्स, काचेचे कठडे आणि छतापासून जमिनीपर्यंत उतरलेल्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या असे त्यातील बहुतेक घरांचे रूप होते. ती घरे देखणी नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार, शहादा अशा गावांच्या कडेने गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या प्लॉट कॉलन्या वसल्या, तेथे बाराशे-पंधराशे चौरस फुटांच्या तुकड्यावर कर्ज काढून घर बांधलेल्या कुटुंबाला त्यातले नेमके काय उपयोगी पडेल, हा प्रश्न मला पडला. मी धुळ्याच्या देवपूर भागातील अशाच एका कॉलनीत राहते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली असल्यामुळे प्रमाण, रंग आणि छायाप्रकाश यांचा विचार करण्याची सवय आहे, आणि आमच्या घराचे तोंड सुधारताना एकदा मोठी चूक करून झालेली आहे. ती चूक आणि तिच्यानंतर सापडलेली वाट वाचकांपुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर १९९६ साली बांधले. तीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल प्लॉट, रस्ता पश्चिमेला, आणि त्यावर तीन खोल्यांचे स्लॅबचे घर. माझ्या सासऱ्यांनी पुढे अंगण हवे असा आग्रह धरला म्हणून नियमाला लागत होते त्यापेक्षा सहा फूट जास्त जागा पुढे सुटली, आणि त्या सहा फुटांचे मोल आम्हाला पंचवीस वर्षांनी कळले. रस्त्यावरून पाहिले तर घर म्हणजे सपाट भिंत, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी, खिडकीतून बाहेर आलेला कूलर, भिंतीवरून आडवेतिडवे गेलेले पाइप आणि वर काळी टाकी असे दिसे. आमच्या रांगेतील बाराही घरे थोड्याफार फरकाने अशीच होती, इतकी की पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्ही गेटचा रंग सांगत असू.

२०२१ मध्ये मुलाच्या लग्नाआधी आम्ही एका ठेकेदाराच्या सल्ल्याने पुढची सगळी भिंत टाइल्सने मढवली. चॉकलेटी आणि राखाडी रंगाच्या, दोन फूट बाय एक फुटाच्या, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या. पहिल्या दिवाळीला सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास वरच्या ओळीतील एक टाइल सुटली आणि तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर आपटून तिचे तुकडे अंगणभर झाले. पाचच मिनिटांपूर्वी माझी नात तेथे खेळत होती. दुसऱ्या दिवशी एका जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत वरपासून खालपर्यंत ऐकले आणि निम्म्याहून अधिक टाइल्स पोकळ वाजत असल्याचे दाखवून दिले. कारण त्याने सांगितले तसे सरळ होते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती धरत नाही. तिला टाइल चिकटवण्याचा वेगळा मसाला लागतो. शिवाय टाइल्स एकमेकींना अगदी भिडवून बसवल्या होत्या. दिवसभर तापून टाइल प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते, आणि तिला हलायला दोन-तीन मिलिमीटरची फटही ठेवलेली नसेल तर ती पुढच्या बाजूला सुटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तो हवेचा. पश्चिमेच्या गडद भिंतीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. ती भिंत रात्री दहा वाजताही हाताला चटका देत असे आणि आतल्या खोलीत पंख्याखाली बसवत नसे. घर सुंदर दिसावे म्हणून आम्ही त्याच्या अंगावर तवा चढवला होता.

त्या उन्हाळ्यात मी एक साधी गोष्ट केली, जी खरे तर आधी करायला हवी होती. मोजपट्टी आणि खडू घेऊन खिडकीवरच्या दोन फुटी छज्जाची सावली भिंतीवर कोठपर्यंत उतरते, ते दर तासाला आखून ठेवले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्यात मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच पडते. त्या वेळी छज्जा पूर्ण खिडकी सांभाळतो. परंतु दुपारी चार वाजता त्याच दोन फुटी छज्जाची सावली पश्चिमेच्या भिंतीवर जेमतेम पावणेदोन फूट उतरली आणि पाच वाजता ती फूटभरच राहिली. खिडकी चार फुटांची. म्हणजे ऊन सर्वांत त्रासदायक असते त्या वेळी छज्जा जवळपास निकामी असतो, आणि आपल्या कॉलन्यांतील पश्चिमाभिमुख घरे हे सगळे ऊन उघड्या छातीवर घेत उभी असतात. दक्षिणेच्या भिंतीचे तसे नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो तेव्हा ऊन हवेसेच वाटते आणि उन्हाळ्यात तो इतका वर असतो की छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र खोल आणि खाली उतरलेली सावलीच लागते. तिचे नाव आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे, पडवी.

टाइल्स काढल्या आणि तेवढ्या खर्चाच्या निम्म्याहून थोड्या अधिक रकमेत आम्ही घरापुढे सहा फुटांची पडवी उतरवली. सासऱ्यांनी सोडलेली सहा फूट जागा येथे कामाला आली, कारण पुढच्या सामासिक अंतरात, म्हणजे नियमाप्रमाणे मोकळ्या सोडाव्या लागणाऱ्या जागेत, छप्पर घालता येत नाही आणि आमची पडवी त्या अंतराच्या आत, घराच्या बाजूला बसली. रीतसर नकाशा देऊन परवानगी घेतली. ज्यांच्याकडे ही जागा नाही त्यांच्यासाठी दुसरा उपाय पुढे सांगते. छपराला मंगलोरी कौले घातली, खाली लोखंडी पाइपचा सांगाडा घेतला, आणि दर्शनी बाजूस मात्र दोन सागवानी खांब उभे केले. हे खांब एका पाडलेल्या जुन्या घराचे आहेत. लाकूड विकणाऱ्याच्या अंगणात अशा खांबांचा, तुळयांचा आणि कोरीव चौकटींचा ढीग पडलेला पाहून मला आनंदापेक्षा वाईटच अधिक वाटले, कारण आमची सोय म्हणजे कोणाच्या तरी आजोबांच्या घराचा शेवट होता. खांबांखाली काळ्या दगडाचे तळखडे बसवले, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल आणि वाळवी लागत नाही. छपराची कड जमिनीपासून सात फुटांवर ठेवली आहे. आता मे महिन्यात चार वाजता दाराचा वरचा सगळा भाग आणि खिडकी सावलीत असते, आणि पाच वाजता जे ऊन आत येते ते भिंतीच्या खालच्या चार फुटांपर्यंतच.

शोभेचा प्रश्न येथेच सुटला, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सपाट भिंतीला चेहरा नसतो तो तिच्यावर काही चिकटवलेले नसते म्हणून नव्हे, तर तिच्यावर सावली पडत नाही म्हणून. वर्गात मुलांना मी डबा काढायला सांगत असे, तेव्हा एका बाजूला छटा भरेपर्यंत तो कागदावर उठून येत नसे. घराचेही तसेच आहे. कौलांच्या कडेची लाटेसारखी सावली, खांबांच्या उभ्या सावल्या आणि त्यांच्या मागे शांत, थोडी अंधारी भिंत एवढे झाले की घराला खोली येते. आमच्या पडवीनंतर ज्या शेजाऱ्यांनी घर रंगवले का म्हणून विचारले, त्यांना रंग तोपर्यंत दिलेलाच नव्हता हे सांगावे लागले.

पडवीखाली ओटा केला. जमिनीपासून दीड फूट उंच, बसायला सोळा इंच रुंद, वर शहाबादी फरशी आणि कड घासून गोल केलेली. माझी आजी म्हणत असे, ‘घरनं तोंड ओटावर दिखस,’ आणि तिचे साक्रीकडचे धाब्याचे घर आठवले की त्याचा अर्थ कळतो. ओट्यावर मेथी निवडली जाई, भुईमूग फोडला जाई, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे होई, आणि माणूस बसणार म्हणून ओटा रोज झाडला जाई. धुळ्याच्या जुन्या पेठेतही हेच दिसते. खानदेशचा कारभार हाती आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ च्या सुमारास तेथे सरळ रस्त्यांची नवी वसाहत आखली, आणि त्या गल्ल्या अजूनही चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर अशा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. त्या गल्ल्यांत जी थोडी जुनी घरे उरली आहेत ती रस्त्याशी ओट्याने जोडलेली आहेत, वर लाकडी तोड्यांवर पुढे आलेला मजला खालच्या ओट्यावर सावली धरतो, आणि शेजारच्या घरांची ही रेघ साधारण एका पातळीत असल्यामुळे सगळी गल्ली एकजीव वाटते. रस्त्याच्या शोभेचा हा धडा आपल्याच शहरात उभा असताना कॉलनीतील प्रत्येक घर आपापल्या उंचीचे, आपापल्या रंगाचे आणि शेजाऱ्याकडे पाठ फिरवलेले असावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता ज्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही त्यांच्याकडे येते. साध्या घराचे रूप सर्वांत जास्त बिघडवतो तो दर्शनी खिडकीतला कूलर. खानदेशात कूलरवाचून उन्हाळा निघत नाही, त्यामुळे तो काढा असे कोणी म्हणणार नाही; पण तो पुढेच असण्याचे काही कारण नसते. आमच्या कूलरखालच्या भिंतीवर बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे ओघळ जमिनीपर्यंत उतरले होते. ते खरवडले की खालचा रंगही पोपडा होऊन हातात येई आणि आत प्लास्टर भुसभुशीत झालेले दिसे. कूलर आता उत्तरेच्या बोळातल्या खिडकीला लावला आहे. तो सावलीत असल्यामुळे त्याची टाकी तापत नाही, आणि बोळात हवा खेळती असल्यामुळे तो पूर्वीइतकेच काम करतो. फक्त त्याला चारी बाजूंनी बंदिस्त करू नये, कारण कूलर बाहेरची कोरडी हवा ओढूनच थंडावा देतो. सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे पाइप शक्य असतील तर बाजूच्या भिंतीवर न्यावेत. ते शक्य नसेल तर निदान भिंतीच्याच रंगाने रंगवावेत. करड्या पाइपवर नजर अडखळते ती मग अडखळत नाही. त्यांच्यावर पक्की भिंत बांधून ते झाकण्याचा मोह टाळावा, कारण पाइप तुंबला की तीच भिंत फोडावी लागते. विजेच्या मीटरची पेटी दिसायला बरी नसली तरी तिला हात लावू नये, ती वाचायला येणाऱ्याला सहज दिसली पाहिजे. टाकीचे मात्र पाहता येते. आमची टाकी पुढच्या बाजूला जिन्याच्या छपरावर होती, ती मागे संडास-बाथरूमच्या भिंतींवर नेली. हे काम अंदाजाने करू नये. हजार लिटरच्या टाकीत एक टन वजनाचे पाणी असते आणि खाली तुळई किंवा भिंत आहे याची खात्री अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय ती हलवणे धोक्याचे आहे.

रंगाविषयी माझे मत पुरवणीतील छायाचित्रांच्या अगदी उलट आहे. गडद राखाडी, काळा आणि चॉकलेटी हे रंग थंड आणि ढगाळ मुलखांत शोभत असतील, आपल्या उन्हात ते उष्णता पितात आणि तीन वर्षांत विटतात. आजोळच्या घराला खालच्या दोन हातांवर गेरूचा पट्टा आणि वर चुना असे. लहानपणी मला ती केवळ नक्षी वाटे. पुढे कळले की पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून जेथपर्यंत चिखल उडतो, तेथपर्यंतच तो पट्टा असतो, आणि वरचा पांढरा चुना ऊन परतवून लावतो. आम्ही तोच हिशेब धरला. जोत्यापासून दोन फूट विटकरी रंग, वर मोतिया पांढरा, आणि दार-खिडक्यांच्या चौकटींना गडद हिरवा. तीनहून अधिक रंग एका दर्शनी भागावर आणू नयेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि घरमालकांनाही सांगेन. ज्यांना खरोखर चुनाच द्यायचा असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जुन्या प्लास्टिक किंवा तेलरंगावर चुना धरत नाही. तो रंग पूर्ण खरवडून उघड्या प्लास्टरवर पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावे लागतात. आपल्याकडे श्रावणात घरात कानबाई देवी बसण्याआधी घरोघर साफसफाई आणि रंगरंगोटी होते, ती आतल्या भिंतींपुरती ठीक आहे. बाहेरच्या भिंती त्या वेळी पावसाने ओल्या असतात आणि ओल्या भिंतीवरचा रंग वर्षाच्या आत फुगतो. बाहेरचे काम दिवाळीनंतर, भिंत पुरती सुकल्यावर आणि उन्हाचा ताप कमी असताना करावे. मे महिन्यातही करू नये, ब्रश उचलेपर्यंत रंग वाळतो आणि डाग दिसतात.

कंपाउंडच्या भिंतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण रस्त्यावरून घराआधी तीच दिसते आणि आपल्याकडे ती हमखास तडकते. तापी-पांझरेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर वीतभर पायावर उभी केलेली भिंत दर वर्षी वर-खाली होते. आमच्या जुन्या भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी फट गेली होती आणि दर दोन वर्षांनी सिमेंट भरून आम्ही ती झाकत असू. नवी भिंत बांधताना पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेला, दर दहा-बारा फुटांवर भिंतीत एक उभी मोकळी फट ठेवली, आणि अंगणातले पाणी पायाशी न साचता नालीकडे वाहील असा उतार दिला. चार पावसाळे झाले, भिंत सरळ आहे. उंची मात्र आम्ही कमी केली. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे पुढच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटर उंचीपर्यंत भरीव भिंत चालते, आणि वरचा भाग जाळीदार ठेवला तर एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. बहुतेक लोक सुरक्षेच्या भीतीने ही भिंत जितकी उंच आणि जितकी बंद करता येईल तितकी करतात. त्यामुळे अंगणात वारा येत नाही, घर अर्धे झाकले जाते, आणि आत शिरलेल्या चोरालाही रस्त्यावरून कोणी पाहू शकत नाही. आम्ही तीन फूट भरीव भिंत आणि वर दोन फूट साधी उभ्या सळ्यांची जाळी ठेवली. जाळीला फुले, मोर, हंस असे काही नाही.

गेट आत उघडणारे किंवा सरकते असावे. रस्त्यावर उघडणारे गेट शाळेच्या मुलाच्या सायकलीला लागते. गेटपुढचा रॅम्प हा तर आपल्या कॉलन्यांचा सार्वजनिक आजार झाला आहे. गाडी चढावी म्हणून प्रत्येक जण नालीवर सिमेंटचा उतार ओततो, आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की तुंबलेले पाणी उतारावरच्या शेवटच्या घरात शिरते. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला गुडघाभर पाण्यातून धान्याची कोठी उचलून खाटेवर ठेवताना मी पाहिले आहे. नालीवर उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकली तर गाडीही चढते आणि नालीही साफ होते. शेजाऱ्याच्या दारात पाणी घालून आपल्या दाराची शोभा वाढत नाही.

ज्यांच्याकडे पडवीला जागा नाही त्यांच्यासाठी वेल आणि झाड हाच खरा उपाय आहे, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लोखंडी अँगलची एक उभी चौकट जमिनीत रोवावी आणि तिच्यावर मधुमालती चढवावी. वेल भिंतीला टेकत नाही, त्यामुळे ओल आणि मुंग्या घरात येत नाहीत, आणि मधल्या फुटातून हवा वर जात राहते. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. हे मी माझ्या नातीला रोज एक फूल दोऱ्याने खूण करून दाखवले. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरांत ज्यांना तेवढेही पाणी देणे जमत नाही त्यांनी बोगनवेल लावावी. पाणी कमी पडले तर ती उलट अधिक फुलते. दाराशी वीस कुंड्या मांडून मे महिन्यात त्या वाळलेल्या पाहण्यापेक्षा जमिनीत लावलेली तीन झाडे जगवणे शहाणपणाचे आहे. भांडी विसळलेले पाणी त्यांना पुरते.

झाड निवडताना त्याच्या फुलांइतकेच पानगळीकडे पाहावे. बहावा मला अतिशय प्रिय आहे, परंतु तो ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो, म्हणजे पश्चिमेच्या सावलीसाठी त्याचा उपयोग नाही. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही दाट राहते आणि लहान अंगणाला मानवते. कडुनिंबासारखा उन्हाळ्याचा सोबती दुसरा नाही. चैत्रात त्याला नवी पालवी आलेली असते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचा झोका त्याच्याच फांदीला बांधला जातो. मात्र काळ्या मातीत मोठे झाड घराच्या भिंतीपासून निदान पंधरा फूट लांब हवे, कारण ते पायाखालची ओल ओढून घेते आणि जमीन खचते. म्हणून कडुनिंब, करंज ही झाडे रस्त्याच्या कडेला आणि लेआउटमधल्या खुल्या जागेत लावावीत, जेथे आज बहुधा वाळूचे ढीग आणि तुटकी घसरगुंडी असते. झटपट हिरवी भिंत होते म्हणून कोनोकार्पस लावण्याची पद्धत आपल्याकडेही आली आहे. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे रोपवाटिकेत जाण्यापूर्वी लक्षात घ्यावे. आणि पानांचा कचरा पडतो म्हणून असलेले झाड तोडायला निघालेल्यांना एवढेच सांगते की शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ते करता येत नाही. आमच्या रांगेतला कडुनिंब अशाच एका वादातून वाचला, आणि आज ज्यांनी तो तोडा म्हटले होते त्यांची मोटारसायकल त्याच्याच सावलीत उभी असते.

दिव्याचे आणि पाटीचे दोन शब्दांत सांगते. दर्शनी भागावर डोळ्यांवर येणारा पांढरा झोत नको. दाराशेजारच्या दिवळीत एक पिवळसर दिवा आणि पायरीवर एक पुरतो. पाटी मराठीत, चार इंच उंच अक्षरांत, घर क्रमांकासह आणि रस्त्यावरून वाचता येईल अशी असावी. रुग्णवाहिकेला रात्री घर सापडले पाहिजे.

माझी आपल्याला आणि आपल्यामार्फत इतरांना काही विनंती आहे. पुरवणीत मोठ्या बंगल्यांची छायाचित्रे जरूर छापावीत, पण त्यांच्या शेजारी दर आठवड्याला खानदेशातील एक साधे, हजार-बाराशे फुटांचे घर मोजमापांसह छापावे: रस्ता कोणत्या दिशेला, सावलीसाठी काय केले, किती पैसे लागले आणि काय चुकले. चुकांची माहिती कोणी देत नाही आणि म्हणून तीच चूक रांगेतली बारा घरे करतात. नकाशे तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यांना सांगणे आहे की संगणकावर काढलेले घराचे चित्र गिऱ्हाइकाला दाखवताना ते मे महिन्यातल्या दुपारी चार वाजताच्या उन्हात दाखवावे. ती सोय त्या संगणकात असते. नगरपालिका आणि महानगरपालिकांनी पश्चिमाभिमुख प्लॉटधारकाला परवानगीच्या कागदांसोबत पडवी, जाळीदार कंपाउंड आणि उचलता येणारा रॅम्प यांचे दोन-तीन नमुना आराखडे दिले, तर त्यांना वेगळा खर्च येणार नाही आणि पुढच्या दहा वर्षांत आपल्या कॉलन्यांचे रस्ते बदललेले दिसतील.

आमच्या पडवीचा आराखडा मी हाताने काढून या पत्रासोबत जोडला आहे. खांबांमधले अंतर, छपराचा उतार, ओट्याची उंची आणि कोणत्या वेळी सावली कोठपर्यंत येते ते त्यात लिहिले आहे. जागा असल्यास तो छापावा. आमच्या रांगेतील तिघांनी त्यावरूनच काम काढले आहे आणि त्यांपैकी एकाच्या पडवीला परवा कौले चढली.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
देवपूर, धुळे